देवगडहून हापूसच्या पेट्या विकताना कार्डाने पैसे कसे घ्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची हापूसची बाग आहे. गेली काही वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन मुंबई-पुण्याला पेट्या पाठवता आणि पैसे यजमानांच्या यूपीआयवर येतात. आता काही गिऱ्हाइकं क्रेडिट कार्डाने भरतो म्हणतात, आणि एका आजींसाठी त्यांचा मुलगा अमेरिकेतून पैसे भरणार आहे. वेबसाइट नाही. तेव्हा वेबसाइट काढावीच लागेल का, आणि कुठला गेटवे (गिऱ्हाइकाच्या कार्डाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणारी कंपनी) स्वस्त पडेल?

वेबसाइट लागत नाही, निदान या हंगामाला तरी नाही. ‘कुठला स्वस्त’ हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी विचारा. नावाजलेल्या गेटवेंच्या दरांतला फरक तीन हजारांच्या पेटीमागे दहा-पंधरा रुपयांचा असतो. गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार करून उभा केलेला एक वाद हरलात तर तो अख्ख्या पेटीचे पैसे नेतो, आणि ऐन वैशाखात थांबलेलं सेटलमेंट, म्हणजे गेटवेने तुमच्या खात्यात पैसे जमा करणं, आठवडाभराची विक्री अडकवून ठेवतं. पुण्यात छोट्या व्यावसायिकांना हे सगळं लावून देणं हेच माझं काम आहे. दराबद्दल भांडायला माझ्याकडे फार कमी लोक येतात. बहुतेक जण ‘पैसे दिसतायत पण खात्यात येत नाहीत’ म्हणून येतात.

गेटवेकडे जाण्याआधी एक सोपी गोष्ट करून टाका. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. म्हणजे गिऱ्हाइकाकडे रुपे कार्ड असेल तर तो तुमचा क्यूआर स्कॅन करूनच क्रेडिट कार्डाने पैसे देऊ शकतो. अट एकच, क्यूआर व्यापारी असला पाहिजे. यजमानांच्या वैयक्तिक आयडीवर हे पेमेंट जात नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटतं तुमचंच काहीतरी बिघडलंय. व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडा आणि त्यावर व्यापारी क्यूआर घ्या. दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर छोट्या व्यापाऱ्याला शुल्क नाही; पेटी त्यापेक्षा महाग, म्हणून तिथे शुल्क लागेल. पण कोकमाच्या आगळाच्या चार बाटल्या मागवणाऱ्याचं काम यातच भागतं.

व्हिसा आणि मास्टरकार्डसाठी मात्र गेटवे हवा. आपण ज्याला गेटवे म्हणतो त्याला रिझर्व्ह बँकेच्या भाषेत पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात, आणि त्यांच्यासाठी मार्च २०२० पासून स्वतंत्र नियम आहेत. गिऱ्हाइकाचे पैसे कंपनीच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. ते बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्यासाठीच वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, पडतात आणि तिथून तुमच्याकडे येतात. रेझरपे, पेयू, कॅशफ्री, सीसीअ‍ॅव्हेन्यू, पुण्यातली ईझबझ अशी नावं तुम्ही ऐकली असतील. कुणीही एजंट नवं नाव घेऊन आला, ‘एक टक्क्यात करून देतो’ म्हणाला, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारकांच्या यादीत ते नाव आहे का ते आधी बघा. नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

यांच्याकडे वेबसाइटशिवाय चालणारी सोय म्हणजे पेमेंट लिंक. मोबाइलवरच रक्कम, गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर टाकायचा, लिंक तयार होते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. गिऱ्हाईक गेटवेच्या पानावर कार्ड नंबर टाकतो, बँकेचा ओटीपी देतो, दोघांना पावती येते. कार्डाचा नंबर तुमच्या डोळ्यांसमोर येतच नाही, आणि तो येऊही नये. काही वयस्कर गिऱ्हाइकं थेट कार्डाचा फोटोच पाठवतात, ‘तूच भर गं’ म्हणतात. तो फोटो लगेच पुसा आणि लिंक पाठवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याने कार्डाचा नंबर साठवून ठेवायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. तुमच्या फोनच्या गॅलरीतला फोटो हा साठाच झाला.

लिंक करताना दोन सवयी लावून घ्या. वर्णनाच्या रकान्यात फक्त ‘आंबा’ लिहू नका. ‘हापूस, ५ डझनाची १ पेटी, कच्चा माल, १२ एप्रिलपर्यंत रवाना, पुणे’ असं पूर्ण लिहा. पुढे वाद झाला तर गिऱ्हाइकाने काय मान्य करून पैसे भरले याचा हा पहिला पुरावा असतो. दुसरी सवय म्हणजे लिंकला मुदत घाला. आंब्याचा भाव आठवड्यात कुठल्या कुठे जातो. पाडव्याला पाठवलेली लिंक कुणी अक्षय्य तृतीयेला उघडून भरली तर त्या भावाने माल द्यायचा की नाही, ही कटकट नको. एक-दोन दिवसांची मुदत पुरे.

गेटवेकडे खातं उघडायच्या कागदपत्रांचं लवकर आटोपतो. पॅन, आधार, चालू खात्याचा रद्द केलेला धनादेश, उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्ट, आणि खाण्याची वस्तू म्हणून एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी. दहापेक्षा कमी कामगार असले तर महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, परवाना नाही. सातबारा जोडला तर बाग तुमची आहे हे कळतं, पण व्यवसायाचा पुरावा म्हणून तो चालेलच असं नाही. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावापायी: पॅनवर माहेरचं नाव, खात्यावर सासरचं, शॉप अ‍ॅक्टवर ‘श्री अमुक आंबेवाले’. ही नावं आधी एका रेषेत आणा. आणि हे सगळं डिसेंबर-जानेवारीत करा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज केला तर मंजुरी येईपर्यंत पहिली तोड बाजारात गेलेली असते.

आता शुल्क. बहुतेक ठिकाणी जाहीर दर दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा असतो. तीन हजारांच्या पेटीवर ६० रुपये, त्यावर १० रुपये ८० पैसे. तुमच्या हातात २,९२९ रुपये २० पैसे. डेबिट कार्डाच्या एमडीआरला, म्हणजे व्यापाऱ्याकडून कापल्या जाणाऱ्या शुल्काला, रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. रुपे डेबिट आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. गेटवेवाले स्वतःचं प्लॅटफॉर्म शुल्क मिळवून सगळ्याला सरसकट दोन टक्के लावतात, यूपीआयलासुद्धा. म्हणून बोलणी करायचीच असतील तर ‘दोनाचे पावणेदोन करा’ म्हणू नका, ‘यूपीआय आणि डेबिट कार्डाचा दर वेगळा सांगा’ म्हणा. जुनी, ओळखीची यूपीआयवाली गिऱ्हाइकं तुमच्या स्वतःच्या क्यूआरवरच राहू द्या. हे शुल्क गिऱ्हाइकाच्या बिलात ‘कार्डाचे दोन टक्के जास्त’ म्हणून चढवू नका. डेबिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेला ते चालत नाही, आणि क्रेडिट कार्डालाही गेटवेच्या करारात सहसा मनाई असते. पेटीच्या भावात धरा.

पैसे तुमच्या खात्यात साधारण एक-दोन कामकाजी दिवसांत येतात. शुक्रवारी संध्याकाळची विक्री सोमवार-मंगळवारी. तोडणीच्या गड्यांना रोजच्या रोज पैसे द्यायचे असतात, तेव्हा हा उशीर धरून चाला. लगेच सेटलमेंटची सोय असते, पण तिचं शुल्क वेगळं. ती रोजची सवय करू नका.

मी मघाशी थांबलेल्या सेटलमेंटबद्दल बोललो, ते तुमच्यासारख्या हंगामी धंद्यालाच जास्त होतं. गेटवेच्या बाजूने विचार करा. खातं दहा महिने शांत, कधीतरी हजार-बाराशेचा आगळाचा व्यवहार. अचानक एप्रिलमध्ये दिवसाला लाखभर रुपये येऊ लागतात, तेही मालाची रवानगी व्हायच्या आधी, आणि सगळे वेगवेगळ्या शहरांतल्या अनोळखी कार्डांवरून. त्यांच्या यंत्रणेला हे चोरीच्या कार्डांच्या खेळासारखंच दिसतं. मग सेटलमेंट रोखून कागद मागतात, किंवा काही टक्के रक्कम ठरावीक काळ राखून ठेवतात. माझ्याकडे रत्नागिरीच्या बाजूचे एक बागायतदार आले होते, त्यांचं असंच झालं होतं. अर्जात अपेक्षित मासिक उलाढाल म्हणून त्यांनी भीतभीत पन्नास हजार लिहिले होते. जास्त लिहिलं तर कर लागेल अशी त्यांची समजूत. त्या रकान्याचा कराशी काही संबंध नाही. हंगामातल्या सगळ्यात मोठ्या महिन्याचा आकडा खरा लिहा, आणि मार्चच्या सुरुवातीला गेटवेला मेल टाका: आमचा हंगाम अमुक ते अमुक, गेल्या वर्षी या महिन्यांत इतकी विक्री झाली, सोबत खात्याचा उतारा. त्या मेलचं उत्तर नीट येवो न येवो, पुढे खातं तपासणीत गेलं तर तोच मेल पुढे करता येतो.

जानेवारीत घेतलेल्या आगाऊ नोंदणीचे पूर्ण पैसे कार्डावर घेऊ नका, ही माझी स्पष्ट सूचना. मोहोर गळला, अवकाळी आला, थ्रिप्सची कीड पडली, तर माल नाही आणि पैसे परत करायचे. परत करताना आधी कापलेलं शुल्क बहुतेक गेटवे परत देत नाहीत, म्हणजे आंबा न विकता पेटीमागे सत्तर रुपये गेले. नोंदणीला थोडी रक्कम घ्या, उरलेल्याची लिंक पेटी भरण्याच्या दिवशी पाठवा.

आता वाद. इंग्रजीतलाच चार्जबॅक हा शब्द तुमच्या कानावर येईल. गिऱ्हाईक तुमच्याकडे न येता थेट आपल्या बँकेकडे तक्रार करतो, बँक गेटवेला विचारते, गेटवे ती रक्कम तुमच्याकडून काढून घेतो किंवा रोखतो, आणि तुम्हाला पुरावा द्यायला मोजकेच दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही की वाद आपोआप हरलात. ही सूचना अर्जात दिलेल्या ईमेलवर येते. तो ईमेल पुतण्याने काढून दिलेला असेल आणि पुतण्या मुंबईत असेल तर काय होईल ते सांगायला नको. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत गिऱ्हाइकाला अशा तक्रारीसाठी साधारण १२० दिवस असतात. म्हणजे एप्रिलात खाल्लेल्या आंब्याचा वाद ऑगस्टात येऊ शकतो.

भारतीय कार्डाचा व्यवहार ओटीपीने झालेला असतो, त्यामुळे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ ही तक्रार सहसा तुमच्यावर शेकत नाही. शेकतात त्या दोन: ‘माल आलाच नाही’ आणि ‘माल सांगितल्यासारखा नव्हता’.

पहिल्यावर उपाय पोचपावतीचा. तुम्ही पेट्या एसटी पार्सलने किंवा खासगी बसने पाठवत असाल, तर पेटी बसमध्ये चढल्याची पावती तुमच्याकडे असते, गिऱ्हाइकाने उचलल्याची नसते. बँकेला दुसरी हवी असते. कुरिअर महाग पडतं हे मान्य, म्हणून निदान कार्डाच्या ऑर्डरींपुरता हा नियम करा: पेटी मिळाल्यावर गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मिळाली’ एवढा मेसेज आणि पेटीचा फोटो. स्वतःच्या टेम्पोने सोसायट्यांत वाटप करत असाल तर चालकाजवळच्या यादीवर सही घ्या. हे मेसेज हंगाम संपला म्हणून पुसू नका, दिवाळीपर्यंत ठेवा.

दुसऱ्यावर उपाय कठीण, कारण हापूसमध्ये साका असतो. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं. तुम्ही कितीही निवडून भरलं तरी तो बाहेरून दिसत नाही. त्यात तुम्ही फळ कच्चं पाठवता, ते गिऱ्हाइकाच्या घरी पेंढ्यात आठवडाभर पिकतं. इंटरनेटवरून उचललेली ‘तक्रार २४ तासांत करावी’ ही अट इथे निरर्थक आहे. २४ तासांत त्याने आंबा कापलेलाच नसतो. अशी अट बँकेसमोर गेली तर ती तुमच्याच विरुद्ध जाते, कारण तक्रारीची खरी संधीच दिली नाही असं दिसतं. त्याऐवजी लिंकसोबत साध्या मराठीत चार ओळी पाठवा: पेटी मिळाल्यापासून दहा दिवसांत, साका निघालेल्या किंवा सडलेल्या फळाचा कापलेला फोटो पाठवा, तितक्या फळांचे पैसे ज्या कार्डाने भरलेत त्याच कार्डावर परत करू, पिकल्यानंतर फ्रिजमध्ये न ठेवल्याने किंवा उशिरा खाल्ल्याने खराब झालेल्या फळांची जबाबदारी आमची नाही. गिऱ्हाइकाकडून ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं की मगच पेटी भरा.

‘त्याच कार्डावर’ हे शब्द सोडू नका. कार्डाने आलेले पैसे यूपीआयने परत केले, तर गेटवेच्या नोंदीत परतफेड दिसतच नाही. तोच माणूस नंतर बँकेकडे गेला तर दुसऱ्यांदा पैसे जातात, आणि मुद्दाम असं करणारी माणसं आहेत. गेटवेच्या डॅशबोर्डवर, म्हणजे तुमचे सगळे व्यवहार दिसतात त्या पानावर, अंशतः परतफेडीची सोय असते. ६० आंब्यांत पाच साक्याचे निघाले तर तीन हजारांतले २५० रुपये परत करा आणि विषय मिटवा. गिऱ्हाइकाला ते पोहोचायला पाच-सात कामकाजी दिवस लागतात, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी फोन सुरू होतात.

फोन आणखी दोन कारणांनी येतील. एक, ‘माझं कार्ड चालत नाही’. १६ मार्च २०२० पासून नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड ऑनलाइन खरेदीसाठी बंदच येतं. ती सोय बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. बऱ्याच ज्येष्ठांनी ती कधी केलेलीच नसते. दोन, ‘पैसे कापले गेले पण तुम्ही नाही म्हणता’. अशा वेळी स्क्रीनशॉट बघून पेटी सोडू नका, डॅशबोर्ड बघा. तिथे नसेल तर पैसे मध्येच अडकलेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ते व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत आपोआप परत गेले पाहिजेत, आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे वाक्य मराठीत टाइप करून फोनमध्ये ठेवा, चिकटवायला बरं पडतं. डॅशबोर्डवर ‘ऑथराइज्ड’ दिसतंय पण ‘कॅप्चर्ड’ नाही, असंही कधी होतं. म्हणजे बँकेने रक्कम राखून ठेवली, पण तुम्ही ती स्वीकारलेली नाही. काही दिवसांत ती परत जाते. सेटिंगमध्ये स्वीकार आपोआप होईल असं करून ठेवा.

अमेरिकेतल्या मुलाचं काय? परदेशी बँकेच्या कार्डावर आपल्याकडच्या ओटीपीची सक्ती लागू नाही. म्हणजे ‘हा व्यवहार माझा नाही’ अशी तक्रार आली तर नुकसान बहुधा तुमचं. गेटवेकडे आंतरराष्ट्रीय कार्डांची परवानगी वेगळी मागावी लागते आणि शुल्क तीन टक्क्यांच्या आसपास जातं. पेपॅलचं नाव कुणीतरी सुचवेल. त्यांनी भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेत, आणि देवगडहून पुण्याला जाणाऱ्या पेटीसाठी ते प्रकरण लावून बसण्यात अर्थ नाही. मुलाचं भारतात एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, बँक खातं असेलच. अमेरिका, ब्रिटन, अमिराती, सिंगापूरसह दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर अशा खात्याचं यूपीआय चालवायला एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, २०२३ मध्ये परवानगी दिली आहे. त्याला ते विचारा. ओळखीच्या दोन-चार घरांसाठी एवढं पुरतं. परदेशी कार्डांची परवानगी अशी गिऱ्हाइकं पंचवीस-तीस झाली की मागा.

पुढच्या वर्षी वेबसाइट काढलीत तर कार्डाचा फॉर्म स्वतः बनवून देणाऱ्याला नकार द्या. गेटवेचंच तयार पान किंवा तयार प्लगइन वापरायचं. बनवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘गिऱ्हाइकाने ओटीपी टाकला आणि रेंज गेली, तर ऑर्डर नोंदवली जाईल का?’ उत्तरात वेबहुक हा शब्द आला पाहिजे, म्हणजे गेटवे तुमच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो. ‘थँक यू पान उघडलं की ऑर्डर होते’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. शिवाय संपर्काचा पत्ता, परतफेडीचं धोरण, पाठवणीचं धोरण ही पानं नसतील तर गेटवे मंजुरीच देत नाही.

जीएसटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पाठोपाठ तोच प्रश्न येतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पेटी बेळगावला गेली तरी. पण त्याच पार्सलात आंबापोळी किंवा कोकमाचं आगळ घालून राज्याबाहेर पाठवलंत, की करपात्र मालाची आंतरराज्य विक्री झाली आणि उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. हंगामाआधी कणकवलीत किंवा जिथे तुमचे सीए असतील तिथे जाऊन एवढं विचारून या, आणि तोपर्यंत आगळाच्या बाटल्या महाराष्ट्रातच विका.

खातं मंजूर झालं की पहिली लिंक स्वतःलाच पाठवा. दहा रुपये स्वतःच्या कार्डाने भरा, ते चालू खात्यात कधी आणि किती येतात ते बघा. मग आणखी दहा भरून त्यातले पाच परत करून बघा. हे जानेवारीत, झाडावर मोहोर असतानाच करून ठेवा.